नर्सबाईचा सत्कार

१२ जुलै १९९९
राजश्रीचं रक्त थांबत नाही. पाळी केव्हाच संपायला हवी होती. काल जयसिंगपूरहून कॉलेजातून येताना एसटीत चक्कर येऊन पडली. माझी धाकटी बहीण, बारावीला, आणि तोंड पांढरंफटक. अव्वा म्हणते, "लगीन झालं की सगळं जाग्यावर येतंय." माझं तर अजून ठरतही नाही. म्हणजे माझं काहीच जाग्यावर नसणार.

१४ जुलै
तिला गावातल्या उपकेंद्रात नेलं. नर्सबाईनं (इथून पुढं न.बा., पूर्ण नाव लिहून वही बाटवायची नाही) हातसुद्धा लावला नाही. "बिनलग्नाच्या पोरीस्नी मी तपासत न्हाई. काय भानगड केलीस ती सांग आदी." तपासणी राहिली, चौकशीच झाली.

१७ जुलै
जयसिंगपूरच्या डॉक्टरीणबाई लग्न झालेल्यांना फार विचारत नाहीत म्हणे. म्हणून वहिनीचं मंगळसूत्र मागून राजश्रीच्या गळ्यात घातलं आणि गेलो. चूक एवढीच की बाजारच्या दिवशी गेलो. घरातून निघायला दुसरं निमित्त नव्हतं. दवाखान्यात बाकावर कोण, तर न.बा.! गावातल्या बाळंतिणीला घेऊन आलेली. राजश्रीचा गळा बघितला आणि सगळ्यांदेखत, "आगं, तुझं लगीन कवा झालं? आमास्नी पेढं न्हाईत दिलं!" अख्खं बाक हसलं. नंबर लागायच्या आधीच राजश्री उठून बाहेर.

१८ जुलै
गावभर झालं. अप्पांनी तिची पुस्तकं माळ्यावर टाकली. कॉलेज बंद. मला एक थोबाडीत, वहिनीला बोलणी.
न.बा., तुला सोडणार नाही.

५ ऑगस्ट
न.बा.चा दुधाचा रतीब आमच्याकडंच. तोडू या म्हटलं तर अप्पा म्हणाले, "वाईटपणा नगं." बरं. धार मी काढते, पाणीही मीच घालते. आज सढळ हातानं घातलं. अव्वाला म्हणत होती, चहा पातळ होतोय. म्हटलं, म्हशीला विचारा.

२ डिसेंबर
राजश्रीचं लग्न. चिकोडीकडचं स्थळ. त्यांना घाई नव्हती, आमच्याकडच्यांना होती. रक्ताचा विषय कुणी काढलाच नाही, मला काढू दिला नाही. अक्षता टाकायला न.बा. सगळ्यात पुढं. दोनदा बुंदी मागून घेतली. मेली.

९ मार्च २००५
मी शिकवते त्या शाळेत सरपंच आले होते. न.बा. निवृत्त होतेय. फेटा, शाल, नारळ, सगळा थाट. "सूत्रसंचालन तुमीच करायचं, म्याडम. तुमच्यासारखं कोण बोलतंय?" लगेच हो म्हटलं. सरपंच खूश. मी त्यांच्याहून जास्त.
माईक माझ्या हातात आणि ती समोर फेटा बांधून. सगळ्यांदेखत केलंस ना? सगळ्यांदेखतच फेडणार.

१३ मार्च
भाषण पाठ झालं. एक अडचण. राजश्रीचं नाव घेतल्याशिवाय त्याला दातच येत नाहीत. एसटीडीवरून तिला फोन लावला. मूल नाही म्हणून सासू उठताबसता बोलते. दवाखान्यातली ती गोष्ट तिथं कुणालाच माहीत नाही. "नाव घिऊ नगंस, अक्का. कळलं तर घराभाईर काढतील मला." कसंबसं विचारलं, रक्त? म्हणाली, "हाय की तसंच. सवय झाली आता."
फोन ठेवला. चरफडत भाकरी केल्या, तीन करपल्या. नाव न घेता नुसत्या कोपरखळ्या मारून माझं समाधान व्हायचं नाही. आणि नाव घेतलं तर तिचं घर मोडतंय.

१९ मार्च
सत्कार झाला.
माईक घेतला आणि बघते तर पुढच्या रांगेत राजश्री. न सांगता आलेली, एकटीच. माझं पाठ केलेलं भाषण तिथंच राहिलं. ती उठली, सरळ स्टेजवर आली, माझ्या हातातून माईक घेतला.
"बाई, मला वळखलासा का?"
न.बा. फेट्याखालून बघत राहिली. नाटक नव्हतं. राजश्री वाळून अर्धी झालीय खरी, पण तिच्या लग्नाची बुंदी खाऊनही बाईला खरंच आठवत नव्हतं! एवढी वर्षं मी हिला मनातल्या मनात जाळतेय आणि हिच्या लेखी काही घडलंच नाही. हे मला शिवीपेक्षा जास्त लागलं.
"कुणाची गं तू? बघितल्यागत वाटतंय. लेकरं किती?"
"न्हाईत."
"आगं, मग लगनाआदीच माझ्याकडं यायचं की! लाजायचं कशाला? त्याच्यासाठीच तर आमी हाय न्हवं?"
मांडवात टाळ्या पडल्या.
राजश्री टाळ्या संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "आलतो की, बाई."
आणि सगळं सांगितलं. उपकेंद्र, बाक, पेढे, अजून न थांबलेलं रक्त. अव्वानं पदर तोंडात धरला. अप्पा उठून गेले. न.बा.चं तोंड उतरलं, शाल खांद्यावरून घसरली ती उचलायचंही भान नाही. मला हवं होतं तेच झालं. गोड लागलं, खोटं कशाला बोलू. सरपंच कानाशी आले, "आभार माना, म्याडम, उरका." मानले नाहीत.
मांडवात राजश्रीच्या दिराचा सोबती होता. मी नंतर बघितला. चिकोडीकडं आजच कळणार.
राजश्री आत आडवी झालीय. तूच नको म्हणालीस ना, विचारलं, तर म्हणाली, "सवय झाली म्हटलं न्हवं तुला, ते माझंच मला रातभर टोचलं." विचारलं, आता सासरी कधी जाणार? म्हणाली, "आदी शहरात, शाहूपुरीतल्या डॉक्टरीणबाईकडं जाऊ. घरात घेत्यात का न्हाईत, ते मागनं बघू."