पुलावर एका वेळी एकच बस सोडण्याबाबत

प्रति,
मा. परिवहन अधिकारी,
प्रवासी वाहतूक शाखा.

विषय : अरुंद पुलावर समोरासमोर येणाऱ्या दोन खाजगी बसपैकी एकीला अलीकडे थांबण्याचा लेखी हुकूम मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा पहिला अर्ज, ‘कौटुंबिक वाद’ असा शेरा मारून निकाली.
२) दुसऱ्या अर्जावरील आपले पत्र : ‘नेमकी कोणती बस थांबवावी हे अर्जदाराने स्पष्ट कळवावे.’

महोदय,

१. अर्जदार पुलाच्या तोंडाशी पिठाची गिरणी चालवते. हिरव्या बसचा ड्रायव्हर हा तिचा नवरा आणि पांढऱ्या बसचा ड्रायव्हर हा तिचा धाकटा भाऊ. दोघांचे मालक वेगळे असून त्यांचा एकमेकांशी उभा दावा आहे. पहिल्या अर्जात अर्जदाराने हे नाते प्रामाणिकपणे लिहिले आणि तिथेच घात झाला. आपल्या कार्यालयाने पूल सोडून नाते तेवढे वाचले.

२. पूल दीड बसचा आहे. दोन्ही टोकांना वळण असल्याने समोरून कोण येते ते दिसत नाही. जुन्या गाड्या होत्या तेव्हा कंडक्टर दारात लोंबकळून पत्र्यावर थाप मारी. ज्याची थाप आधी ऐकू येई तो आधी जाई, दुसरा वळणावर थांबे. खिडक्या उघड्या असत. भाऊ ‘या भावोजी, तुम्ही आधी’ म्हणून ओरडे आणि नवरा जाता जाता ‘घरी जेवायला ये रे’ म्हणून हात करी. यासाठी कोणत्याही कार्यालयाला कधी तसदी द्यावी लागली नाही.

३. यंदा एका मालकाने नव्या बस आणल्या. दुसऱ्याच्या पोटात दुखले म्हणून त्यानेही आणल्या. बस देखण्या आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु काचा बंद, दारे आपोआप लागणारी, आत गार हवा आणि मोठ्याने गाणी. कंडक्टरने थाप मारायची कुठे? हिरव्या बसच्या कंडक्टरने आतून काचेवर मारून पाहिली, त्याने मागच्या सीटवरचे तान्हे मूल तेवढे उठले. शिवाय दोन्ही मालकांनी हुकूम काढला आहे की पुलावर दुसऱ्या बसला वाट देईल त्याने किल्ली ठेवून घरी जावे. बाकी कशातच न पटणाऱ्या या दोन माणसांचे एवढ्यावर मात्र एकमत आहे.

४. परिणामी दोन्ही बस पुलाच्या मधोमध नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या. आरशाला आरसा घासून फुटेपर्यंत दोघे पुढे सरकले, मागे कोणी जाईना. ऊन चढले, माणसे चिडली. शेवटी प्रवासी खाली उतरले, चालत पलीकडच्या बसमध्ये जाऊन बसले आणि दोन्ही बस आल्या वाटेने उलट्या गेल्या. ही माघार नसून प्रवाशांना पोचवण्याची व्यवस्था होती, असे दोन्ही मालकांचे म्हणणे आहे. आपल्या निरीक्षकांनीही तेच लिहून नेले.

५. तेव्हापासून घरात जेवण जात नाही. नवरा म्हणतो, ‘तुझ्या भावाला सांग, मोठ्या माणसाला वाट द्यावी.’ भाऊ फोनवर म्हणतो, ‘ताई, तूच भावोजींना सांग. नोकरी गेली तर पोरांना काय घालू?’ दोघांचेही खरे आहे आणि मध्ये अर्जदाराचा जीव टांगणीला लागला आहे. बस यायच्या वेळेला ती गिरणीचा पट्टा उतरवते, म्हणजे कान देता येतो. गिऱ्हाइके अर्धवट दळलेले पीठ घेऊन कुरकुरत जातात.

६. एकदा दोन्हीकडून घरघर एकदमच आली, तेव्हा अर्जदार पिठाची रिकामी पिशवी हलवत पुलावर धावली. दोन्ही बस आपापल्या वळणावर थांबल्या. मालकांनी बससाठी थांबू नका म्हटले होते, बायकोसाठी किंवा बहिणीसाठी थांबू नका असे म्हटले नव्हते. त्या दिवसापासून अर्जदार प्रत्येक फेरीला पुलाच्या मध्यावर उभी राहते आणि एकदा याला, एकदा त्याला सोडते. हे कोणत्या अधिकाराने, असे आपण विचाराल. अधिकार काहीही नाही. ही व्यवस्था चालू होती म्हणूनच आपल्या पत्रातील प्रश्नाचे उत्तर अर्जदाराने दिले नव्हते. नवरा की भाऊ, हे कागदावर लिहायला हात होत नव्हता.

७. ही गोष्ट हिरव्या बसच्या मालकाच्या कानावर गेली. त्याने काल नवऱ्याला बसवरून उतरवून गॅरेजमध्ये गाड्या धुवायला लावले. उद्यापासून बाहेरून आणलेला ड्रायव्हर येत आहे. ‘पुलावर एक वेडी उभी असते. हॉर्न दे, होईल बाजूला,’ असे मालकाने त्याला नवऱ्यादेखत सांगितले. भावाला अर्जदाराने हातापाया पडून सांगितले की उद्या तूच थांब. तो म्हणाला, ‘परक्याला वाट दिली तर मालक मला दारात उभा करणार नाही, ताई. लेखी हुकूम आण, थांबतो.’  नवरा सकाळी म्हणाला, ‘तू पुलावर जाऊ नकोस.’ मग चप्पल घालता घालता म्हणाला, ‘पण मग तुझ्या भावाला कोण थांबवणार?’

८. अर्जदाराला भीती वाटते, हे लपवण्यात अर्थ नाही. तरी हुकूम येईपर्यंत ती भावाच्या बाजूला तोंड करून पुलावर उभी राहील. तो तिला पाहून थांबेल, एवढी तिला खात्री आहे. पाठीमागून येणाऱ्याचे काय करायचे ते आपण पाहावे.

९. सबब, संदर्भ क्र. २ मधील प्रश्नाचे उत्तर अर्जदार आज देत आहे : पांढरी बस थांबवावी. वाट द्यावी लागली ती बहिणीच्या अर्जामुळे, हे भावाला आज ना उद्या कळेलच, आणि तो रागीट आहे. त्याने अर्जदाराशी जन्मभर अबोला धरला तरी तिची हरकत नाही. अबोला धरायला तो असला पाहिजे.

उत्तर गिरणीवर पाठवू नये. दिवसा अर्जदार पुलावर भेटेल.

आपली नम्र,
गिरणीवाली
(सही)

दिनांक : आपला शिपाई पोचेचा शिक्का मारील तो.

सोबत :
१) आपल्या पत्राची प्रत.
२) दोन्ही बसच्या फुटलेल्या आरशांच्या काचा, एकाच पुडीत. कोणती कोणाची ते आता ओळखू येत नाही. उघडताना हात जपावा.