कुंकू लावलेला गोऱ्हा

मंगळवार, संध्याकाळ

आज मझौली गावातल्या आमच्या गोठ्यात ढोरांचा डॉक्टर आला. काळा गोऱ्हा खच्ची करायचा, पांढरा वळू म्हणून ठेवायचा. पांढऱ्याला सकाळी मी कौतुकानं कुंकू लावलं. तिथंच चुकलं! डॉक्टरनं कुंकू पाहून त्यालाच पाय बांधून पाडलं, खच्चीचा चिमटा उघडला. मी ओरडली, "अरे भैया, ये नहीं, काला!" तो म्हणे, "दीदी, निशान तो इसी पे है." निशान? पूजेचं कुंकू ते! आणि आमचे हे काहून गप्प उभे होते? म्हणे, "मला वाटलं, तूच बेत बदलला." इतकी भीती माझी?

काळ्याचं काम झालं. रुसला जरासा, पण चारा खाऊन राहिला. पांढऱ्याचे पाय सोडायला गेली, तर त्यानं मलाच लाथ घातली. घाल बाबा. वळूच आहेस.