नव्वद किलो

४ मार्च

फळ्या मिळाल्या! जुन्या पलंगाच्या. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच साचा ठोकायचा, काँक्रीट ओतायचं, आणि तो ठोकळा ट्रॅक्टरच्या मागे अडकवायचा. पुढच्या लोडरमध्ये दगड भरले की मागची चाकं उचलतात — त्यावर हा उपाय. आमचा आजवरचा उपाय वेगळाच होता. दादा मागे चढून उभा राहायचा. नव्वद किलोचा गडी! "इतकी वर्षं जेवलो, ते कामी आलं बघ!" — पोटावर थाप मारून म्हणायचा.

दोन महिने झाले त्याला जाऊन.

५ मार्च

काही केलं नाही. फळ्यांकडे बघत बसलो.

७ मार्च

वेल्डरकडे सळ्यांचा सांगाडा आणि अडकवायच्या पिना करायला टाकल्या. "वजन किती धरलंय?" सहाशे किलो, म्हणालो. "बरोबर. एवढं हवंच." मग कुठून बुद्धी झाली कोण जाणे — विचारलं, आणि नव्वदच असलं तर? हसला तो. "नव्वद किलोनं काय होणार, डोंबल!"

त्याला बिचाऱ्याला काय माहीत. घरी आलो, शेडमागे जाऊन ढसाढसा रडलो. म्हणजे दादा तिथे उगाचच उभा होता. दहा वर्षं उगाचच!

११ मार्च

काँक्रीट ओतलं. वहिनी घमेली भरून देत होती, नको म्हटलं तरी ऐकेना. "भाऊजी, चांगला जड करा. परत कुणावर मागे चढायची वेळ यायला नको." माझ्या हातातलं फावडं तिथेच थांबलं.

सगळ्यांना मी सांगितलंय, दादा आपणहून चढला. पोलिसांना, आईला, वहिनीलाही. खोटं! त्या दिवशी तो नको म्हणत होता, कंबर धरली होती त्याची. मीच सीटवरून ओरडलो — "चढ की दादा, नाटकं नको करूस!" चढला. चाकं उचलली, तो निसटला, चाकं त्याच्यावर खाली आली.

लिहिलं एकदाचं. वहिनीला सांगायचंय अजून.

१८ मार्च

ठोकळ्यावरची गोणपाटं सकाळ-संध्याकाळ भिजवतोय. मी जायच्या आधीच वहिनी पाणी मारून गेलेली असते. आज सांगतो, उद्या सांगतो — जीभच उचलत नाही. भ्याड मेला!

८ एप्रिल

ठोकळा अडकवला. लोडर काठोकाठ भरून वर घेतला. मागची चाकं जागची हलली नाहीत! एवढंच करायचं होतं. दादा दरवर्षी म्हणायचा, करून टाकू या रे. मी म्हणायचो, तू आहेस की.

९ एप्रिल

वहिनीला सांगितलं. सगळं. ती कपडे वाळत घालत होती, हात थांबवला नाही तिनं. म्हणाली, "मी याच दोरीपाशी होते, भाऊजी. नाटकं करू नकोस म्हणालात, ते ऐकलं मी. आणि हसले होते."