सुई कुणाच्या हातात

२० मे, मंगळवार

एका थपडेची किंमत, आजपर्यंत: उजवं मनगट, दोन ठिकाणी. दीड महिना प्लास्टर. भट्टी बंद. सर्राफ्यात तोंड दाखवायची सोय गेली. आणि विकास. रविवारी दुपारी दुकानाच्या पायऱ्या उतरला तो अजून घरी आलेला नाही. पैसे यात धरलेले नाहीत, ते सगळ्यात कमी.

बोटं मोकळी आहेत म्हणून पेन तरी धरता येतंय. अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं.

झालं ते आजच लिहून ठेवतो, नाहीतर महिन्याभराने माझ्या डोक्यात मीच बरोबर होऊन बसेन. सोनं गाळताना तेजाब ओतलं की तांबडा धूर उठतो आणि माझी छाती दाटते. मग दोन पांढऱ्या गोळ्या. मेडिकलवाला चिठ्ठी मागत नाही. पंधरा-सोळा वर्षं चाललंय. आम्हा गलाईवाल्यांत हे असंच असतं. जुना माणूस नव्याला भट्टी कशी फुंकायची ते दाखवतो, त्याच हाताने गोळी दाखवतो. विकासने मोबाइलवर काहीतरी वाचलं. "पापा, ये स्टेरॉइड है. हड्डी खा जाता है." म्हटलं, माझं हाड खायला आधी दात आणा म्हणावं. त्याने गोळ्यांचा डबा उचलला आणि पेटत्या भट्टीत टाकला. अख्खा. गिऱ्हाइकासमोर.

मी हाणली. त्याने मान मागे घेतली. अर्धी त्याच्या गालावर, अर्धी शटरच्या लोखंडी चौकटीवर. कट्ट.

चांदीत तांबं किती ते मी फरशीवर टाकून आवाजाने सांगतो, अख्खा चौक माझ्याकडे त्यासाठी येतो. क्षणभर वाटलं त्याचा दात पडला. मग कळलं की आवाज माझ्या बाहीतून आला.

२१ मे

दुकानात जाऊन नुसता बसलो. शेजारचे गुप्ताजी डोकावले.

"अरे मराठा, किसको मारा?"

"दरवाज़े को."

"जीता कौन?"

सगळे हसले, मीही हसलो. हसताना कळ खांद्यापर्यंत गेली.

हाडाच्या डॉक्टरने प्लास्टर घालताना म्हटलं ते मात्र डोक्यातून जात नाही. "अंकल, इतने में हड्डी टूटनी नहीं चाहिए थी." हाडांची तपासणी लिहून दिली. विकासचा फोन बंद. शालनला विचारलं, तुझा पोरगा कुठे आहे? म्हणाली, "जिवंत आहे."

२३ मे, शुक्र.

रिपोर्ट घेऊन हाडाच्या डॉक्टरने ज्यांच्याकडे पाठवलं त्या डॉ.बाईंकडे. चाळिशीच्या असतील, आवाज हवालदाराचा. मनगटाकडे बघितलंसुद्धा नाही. पाठीचा फोटो दिव्यावर लावला आणि पेनाने ठोकलं. एक मणका बसलाय. पत्र्याचा डबा पायाखाली आल्यासारखा चपटा. दोन वर्षं पाठ दुखत होती, मी कोळशाच्या पोत्याला शिव्या घालत होतो.

हाडं आतून पोकळ झालीत म्हणाल्या. म्हटलं, हा तर बायकांचा रोग.

"हड्डी पूछ के नहीं टूटती, चाचाजी, कि आप कौन हैं. कोई गोली खाते हैं?"

सांगितलं. मग जी काही झोडपली मला! बाहेरचे पेशंट आत डोकावून गेले. आणि वर हेही की आता एकदम बंदही करायची नाही, इतक्या वर्षांनी एकदम सोडली तर माणूस कोसळतो. त्या सांगतील तशी हळूहळू कमी करायची, छातीला पंप घ्यायचा. म्हणजे विकासने भट्टीत टाकल्या हेही चूकच. हे ऐकून बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली.

"कद कम हुआ है?"

म्हटलं, मी काय साबण आहे झिजायला? पाच फूट आठ इंच. लिहा. सर्राफ्यात माझ्या डोक्यावरून बघणारा अजून जन्मायचाय. माझा पोरगा माझ्या भुवईला लागतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, लिहिलं.

आता औषध. हे नीट लिहितो. आठवड्याची गोळी आहे, उपाशीपोटी, पण माझी अन्ननलिका जळलेली आहे, ती नको म्हणाल्या. उरले दोन रस्ते. एक, वर्षातून एकदा सलाइन. हाडाची झीज थोपवतं. त्याआधी माझी किडलेली दाढ काढून जखम भरू द्यायची, कारण त्या औषधावर क्वचित जबड्याचं हाड भरत नाही. दुसरं, रोज पोटात सुई, दोन वर्षांपर्यंत. ती नवीन हाड बांधते, पण मग पुढे दुसरं औषध लागतंच, आणि मध्येच सोडली तर बांधलेलं वाहून जातं. त्यांचं मत सुईचं. मणका गेलाय, मनगट गेलंय, आधी बांधा म्हणतात.

"सोच के बताइए. पर ज़्यादा मत सोचिए. अगली बार कूल्हा होगा." म्हणजे खुबा.

२५ मे, रवि.

आज घरात जे झालं ते.

जेवताना मी म्हटलं, पोराला एवढीशी थप्पड लागली तर घर सोडतो. मला उस्तादाने गरम चिमट्याने हाणलंय, पोटरीवर डाग आहे अजून. विट्याकडून इथे उत्तरेत आलो तेव्हा अंगावर एक सदरा होता. मार खाल्ला म्हणून माणूस झालो.

शालनने परात आपटली. पीठ माझ्या ताटात.

"अहो, माझा डावा हात कोणी मोडला?"

मी पाण्याचा तांब्या उचलला.

"नागपंचमी होती. विकास पाळण्यात होता. झोके बांधलेल्या झाडाखाली सगळ्या बायकांनी विचारलं, आणि मी सांगितलं, शेणावर घसरले. तो हात जुळला. का जुळला? माझी हाडं चांगली होती म्हणून. तुमची असती तर?"

आणि तिने तो हात माझ्या डोळ्यांसमोर धरला. मनगटाशी जरासा वाकडा आहे. तीस वर्षं तो हात मला भाकरी वाढतोय. बघितला नव्हता असं नाही.

वाटलं, ओरडावं. ओरडलो नाही. ताटातलं पीठ झटकलं, जेवलो. तीही जेवली.

२७ मे, मंगळ.

बडा मंगल, इथला हनुमानाचा मोठा मंगळवार. आमच्या निशातगंजात पावलापावलावर भंडारा, पुरी, आलूची सब्जी, सरबत. शालन द्रोण घेऊन उभी, एक मोटरसायकलवाला तिच्या पदराला घासून गेला. सब्जी रस्त्यावर. वर शिवी देतो. म्हातारीला म्हणे दिसत नाही.

मी डाव्या हाताने कॉलर धरली. जुनी सवय, कॉलर धरायची आणि गुडघा घालायचा. गुडघा उचलला, आणि त्याने छातीवर नुसती दोन बोटं टेकवून ढकललं. जोर काही नाही. मी रस्त्यावर बसलो. पाठीत असं काही झालं की श्वासच आत येईना. लोकांनी त्याला धरला, चार-पाच जणांनी चांगला बडवला, त्याच्या नाकातून रक्त. हनुमानाच्या नावाने पुऱ्या वाटणारेच बडवत होते. मी खाली बसून ते आवाज ऐकत होतो. हाड कुठे लागतंय, मांस कुठे, सगळं वेगळं ऐकू येतं. मीच ओरडलो, "बस करो! छोड़ दो!"

आयुष्यात पहिल्यांदा मारामारीत मला समोरच्याची भीती वाटली नाही, माझ्या हाडांची वाटली. कुणीही, कसलाही माणूस, दोन बोटांनी मला मोडू शकतो. शालनने सरबत पाजलं.

२८ मे

परत फोटो. नवीन काही मोडलेलं नाही. डॉ.बाई या वेळी ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. सोमवारपर्यंत सांगा म्हणाल्या.

नर्सने सुईचं पेन दाखवलं. फ्रिजमध्ये ठेवायचं, रोज एकाच वेळी, पोटाच्या चामडीत, बटण दाबून पाच मोजायचे. आठ वर्षांचं पोर करेल. पण माझा उजवा प्लास्टरमध्ये, आणि डावा अंगठा भट्टीत भाजल्यापासून वळत नाही. बटण दाबायला गेलो, पेन नर्सच्या टेबलावरून घरंगळलं. प्लास्टर निघेपर्यंत कुणीतरी लागणार.

शालनला विचारलं.

"माझ्या हातात सुई देऊ नका. एकदा टोचायला लागले तर पाचावर थांबणार नाही."

नर्स हसली. शालन हसली नाही.

गुप्ताजींचं म्हणणं, सलाइन घे, त्यांच्या अम्मांनी घेतलंय, एक दिवस ताप, अंग ठणकलं, मग वर्षभर छुट्टी. "किसी का मुँह नहीं देखना पड़ता." हे त्यांनी सहज म्हटलं. माझ्या मनातलंच म्हटलं. दाढ काढली, जखम भरली, वर्षातून एकदा हात पुढे केला. कुणासमोर रोज शर्ट वर करायला नको. पण डॉ.बाईंचं बोट त्या चपट्या मणक्यावर होतं, ते दिसतं.

३० मे, शुक्र.

शालनकडून पत्ता काढला. विकास चिनहटला मित्राच्या वर्कशॉपवर आहे, पंख्यांची मोटर बांधतात तिथे. ई-रिक्षा, लू, खड्डे. प्रत्येक खड्ड्याला मणका दाताखाली आल्यासारखा. ठरवलं होतं, सरळ जाऊन म्हणायचं, चल घरी.

पत्र्याचं दार अर्धं लोटलेलं. आत मशीन बंद होतं, जेवायची सुट्टी. त्याचा आवाज.

"बचपन से कान तेज़ हैं मेरे. सब कहते हैं बाप पे गया है. अरे यार, पापा की चप्पल सुनते थे हम लोग. घिसट के आई तो ठीक है. पटक के आई तो मम्मी मुझे तख़्त के नीचे कर देती थीं."

मित्र काहीतरी बोलला.

"नहीं यार, नफ़रत नहीं है. बस अब भी कोई पीछे से तेज़ चले तो गर्दन अपने आप हट जाती है. उस दिन भी हट गई. वरना उनका हाथ नहीं टूटता."

मी उभा होतो तिथे उन्हात लोखंड तापलं होतं. आत जायचं तर चालावं लागणार, आणि चप्पल वाजणार. चप्पल काढली, हातात घेतली, तशीच रिक्षापर्यंत गेलो. तळवे भाजले. रिक्षावाला म्हणाला, "मंदिर था क्या चाचा?" म्हटलं, हां.

शालनला सांगितलं, भेटला नाही.

१ जून, रवि.

सकाळी सात. दारात विकास. आईने फोन केला असणार. गालावर काही खूण नाही, मी पहिलं तेच बघितलं. मलिहाबादचे दसहरी आणले होते आईला. मला नमस्कार नाही.

चहा झाला. मग बसला माझ्यासमोर, हातभर अंतर सोडून. बरोबर हातभर. माझ्या ते लक्षात आलं आणि माझ्या लक्षात आलंय हे त्याच्या.

"मम्मी ने सब बताया. सुई मैं लगा दूँगा. रोज़ सात बजे आऊँगा, लगाऊँगा, चला जाऊँगा. जब तक प्लास्टर है."

मी म्हटलं, इतक्या लांबून रोज?

"मेरी एक शर्त है."

"बोल."

"हाथ उठा, एक बार भी, किसी पे भी, मम्मी पे, दुकान में, सड़क पे, तो उसी दिन से बंद. आधे में. डॉक्टर ने बताया है न आधे में छोड़ने से क्या होता है?"

रक्त असं डोक्यात चढलं की टेबल उलथावंसं वाटलं. माझ्याच घरात, माझं औषध, माझाच पोरगा माझ्या हाडांवर पाय ठेवून अटी घालतोय. उजवा हात प्लास्टरसकट टेबलावरून उचलला गेला. इंचभर. मी उचलला नव्हता. त्याची मान मागे गेली.

तिघांनीही बघितलं.

हात खाली ठेवला. शालन म्हणाली, "आंबे कापते." सुरी आणायला गेली ती बराच वेळ आली नाही.

विकासला म्हटलं, उद्यापर्यंत विचार करतो.

"सोचिए. ड्रिप में मेरी ज़रूरत नहीं पड़ेगी. वो भी ठीक है." हे त्याने रागाने म्हटलं असतं तर सोपं होतं.

२ जून, सोम.

दाताच्या डॉक्टरची चिठ्ठी खिशात. सुईचा फॉर्मही खिशात. दोन्ही जपून घडी केलेले.

शालनला म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, "मी तीस वर्षं सांगतेय." आणि भाजी चिरायला लागली.

स्वतःशी खरं बोलायचं तर सुईला मी भीत नाही. प्लास्टरच्या उरलेल्या महिन्याला भितो. रोज सकाळी शर्ट वर करून त्याच्यासमोर उभं राहायचं, आणि त्या महिनाभरात एकदाही नाही. मोटरसायकलवाला नाही, तोलात गफलत करणारा दलाल नाही, शालन नाही. काल टेबलावर ठरवून उचलला नव्हता, तरी उचलला गेलाच ना.

आणि सलाइन घेतलं तर? हाडं थोडीफार टिकतील. घरात दोघं उरू.

सात वाजता विकास आला. फॉर्म मागितला, म्हणाला, सही तुम्ही केली नाही केली तुमचं तुम्ही बघा, बाकीचं मी भरतो, तुमचं अक्षर वाचता येत नाही. नाव, वय, आधीची औषधं भरली. उंचीशी थांबला. मी म्हटलं, पाच आठ. तो उठला, दुकानाची पोलादी टेप काढली आणि मला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं राहायला सांगितलं. टाचा चौकटीला, हनुवटी सरळ. माझ्या डोक्यावर पट्टी धरताना त्याला टाचा उचलाव्या लागल्या नाहीत.

दोनदा मोजलं. पाच फूट पाच.