जिंकल्यावर बोलायची वाक्यं

२ नोव्हेंबर, रविवार
जिंकलो. २-०. म्हणजे संध्याकाळ गेली.

हरलो की कुणी विचारत नाही. पोरं बुटांची माती झाडतात, मी घरी येऊन वरणभात खातो, टीव्ही बघतो. जिंकलो की मात्र बदलापूरला भाऊंचं बुकिंग ऑफिस. भाऊ म्हणजे आमच्या अंबरनाथच्या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष, बिल्डर, आणि यंदा इच्छुक उमेदवार. सॅम्पल फ्लॅटच्या बाजूला टेबलावर पांढरी चादर घालून आमची 'पत्रकार परिषद' भरते. एवढा मोठा शब्द कोण लिहीत बसणार, मी प.प. लिहितो. मागे फ्लेक्स, त्यावर हात जोडलेले भाऊ, कोपऱ्यात एक बॉल. मागच्या वेळी तो बास्केटबॉल होता. कुणाच्या लक्षात आलं नाही.

माझी वाक्यं ठरलेली. पोरांनी जीव ओतला. श्रेय सगळ्या टीमचं. भाऊंच्या पाठिंब्याशिवाय हे शक्यच नव्हतं. आता लक्ष पुढच्या मॅचवर. भाऊंचं वाक्य राहिलं की त्यांचा माणूस मागून खोकतो. आज खोकला.

"सर, विजयाचं रहस्य काय?" रहस्य डोंबलाचं. त्यांचा स्टॉपर, मधला बचाववाला, लंगडत होता, आम्ही सगळे बॉल त्याच्या बाजूने टाकले. हे सांगायचं नसतं. मग समोसे आले आणि चारही पत्रकार एकदम जागे झाले.

४ नोव्हेंबर, मंगळवार
प्रॅक्टिस बरी. ओमकार नाइट शिफ्ट करून थेट मैदानावर. मोरिवलीचा पोरगा, एमआयडीसीत केमिकल कंपनीत ऑपरेटर, आणि माझा गोलकीपर. इतक्या वर्षांत शाळेत आणि क्लबात मी पुष्कळ कीपर बघितले. बॉल कुठे येणार हे याला मारणाऱ्याच्या आधी कळतं. शिकवून येत नाही ते. फायनलला गेलो तर मुंबईच्या एका क्लबचे लोक त्याला बघायला येणार आहेत. त्याला हे सांगायला नको होतं. सांगून बसलो. तेव्हापासून झोपत नाही म्हणे.

९ नोव्हेंबर, रविवार
सेमी जिंकलो. टायब्रेकरवर. लिहायला हात होत नाही, पण लिहितो.

सेकंड हाफ, त्यांचा कॉर्नर. ओमकार बॉलसाठी उडाला, त्यांच्या स्ट्रायकरचा गुडघा कानाच्या जरा वर लागला. खाली आला तो तसाच पडून. धावत गेलो. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघत नव्हता. खाली वाकलो. जरा वेळाने उठून बसला आणि मला विचारलं, "सर, कितवा हाफ चालूय?"

मी ऐकलं. स्वच्छ ऐकलं. बाजूला नीलेश, दुसरा कीपर, ग्लोव्हज घालून तयार. बदली शिल्लक होती. मी नीलेशकडे बघितलं, मग स्कोअरबोर्डकडे. बोललो काहीच नाही. प्रथमोपचाराची पेटी सांभाळणाऱ्या आमच्या बर्फवाल्याने ओमकारच्या डोक्याला पट्टी गुंडाळली, रेफरीने विचारलं, ठीक आहे ना, याने अंगठा दाखवला. झालं. पुढे टायब्रेकरमध्ये शेवटची किक त्यानेच अडवली आणि अख्खं पब्लिक मैदानात.

प.प. राऊत पुढच्या खुर्चीवर. त्याचं साप्ताहिकही आहे आणि यूट्यूब चॅनलही. "सर, तो पडला तेव्हा तुम्ही वाकून त्याच्या कानात काहीतरी बोललात. व्हिडिओत दिसतंय. काय बोललात?"

सगळे माझ्याकडे बघतायत. भाऊ पण. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हटलं, उठ. अंबरनाथचा आहेस."

टाळ्या. भाऊंनी मांडीवर थाप मारली. मागे कुणी खोकलं नाही, भाऊंचं वाक्य राहिलं तरी. असलं काही मी म्हटलेलंच नाही. मी पोरांशी असं बोलतच नाही, मी त्यांना शिव्या घालतो. तोंडाला नुसती घाण चव आहे. दोनदा चूळ भरली.

१० नोव्हेंबर, सोमवार
व्हिडिओ सगळीकडे. जुने विद्यार्थी फोन करतायत. सर, अंगावर काटा आला. सर, रडू आलं. एकाने माझं वाक्य टीशर्टवर छापायचं ठरवलंय.

शैलाने पोळ्या लाटता लाटता विचारलं, "तुम्ही खरंच असं म्हणालात?"
"हो."
"तुमच्यासारखं वाटत नाही."
एवढंच बोलली. लग्नाच्या सत्ताविसाव्या वर्षात बायकोशी पण खोटं.

संध्याकाळी ओमकारचा फोन. "सर, थँक्यू. मला पडल्याचं कायपण आठवत नव्हतं. कॉर्नर आठवतो, मग डायरेक्ट टायब्रेकर. पण व्हिडिओ बघितला ना, आता तुमचा आवाज आठवतो. उठ म्हणालात ते. सेम टू सेम."

आराम कर म्हटलं. पोराच्या डोक्यात जी जागा मोकळी झाली होती तिथे मी माझं खोटं नेऊन ठेवलं, आणि त्याला ते आठवतंय.

१२ नोव्हेंबर, बुधवार
स्टेशनबाहेर फ्लेक्स लागला. पट्टीवाला ओमकार, माझं वाक्य, आणि दोघांच्या दुप्पट भाऊ. रिक्षावाला म्हणाला, "सर, तुमच्याकडून पैसे नाही घेणार." दिलेच. आता रिक्षा दुसऱ्या बाजूने पकडतो.

प्रॅक्टिसला ओमकार उन्हात डोळे बारीक करून उभा. सोपे कॅच सुटत होते. मध्येच गोलच्या मागे जाऊन ओकला. म्हणे शिफ्टला वास चढला. त्या वासात तो जन्मला, मोरिवलीत काय नवीन आहे वासाचं? घरी पाठवलं. जाताना पोरं ओरडली, उठ, अंबरनाथचा आहेस! तो हसला. मला कानफटात बसल्यासारखं झालं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
ओढून नेला डॉक्टरकडे. उल्हासनगर, पाच नंबर कॅम्प. सिंधी बाई आहेत, माझ्या गुडघ्यामुळे ओळख. डोळ्यात टॉर्च मारला, एका पायावर उभं केलं, महिने उलटे म्हणायला लावले. ऑगस्टपाशी अडकला. पुन्हा डिसेंबरपासून.

मॅडम मला म्हणाल्या, "सर, ये नहीं खेलेगा. अभी नहीं. डोक्याला मार बसला तेव्हाच बाहेर काढायला पाहिजे होता. किसने खेलने दिया?"
मी भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत राहिलो.
"दुसरी चोट लगी तो मेरे पास मत लाना, सीधा बड़े हॉस्पिटल."
स्कॅन लिहून दिला. ओमकार म्हणतो फायनलनंतर करतो. रिक्षात, स्टेशन आल्यावर म्हणाला, "सर, भाऊंना नका सांगू."

१५ नोव्हेंबर, शनिवार
भाऊंना सांगितलं. ओमकार फायनल खेळणार नाही.

"सर, डॉक्टर लोकांचं काय ऐकता? शिंक आली तरी स्कॅन लिहितात." मग जरा वेळाने, "फ्लेक्सवर कोण आहे? नीलेश आहे का? मुंबईचे लोक कुणाला बघायला येतायत? नीलेशला?"
म्हटलं, भाऊ, पोराच्या डोक्याचा प्रश्न आहे.
"आख्ख्या गावासमोर उठ कोण म्हणालं? तुम्ही. आता तुम्हीच झोप म्हणणार का? लोक हसतील."

माणूस मूर्ख नाही. याचीच शिसारी येते. लोकांना काय चालतं ते त्याला बरोबर कळतं, आणि मीच त्याच्या हातात ते आयतं दिलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
मोरिवलीला गेलो, ओमकारच्या घरी. ठरवूनच गेलो होतो की आज सांगायचं.

आईने दार उघडलं. आत भिंतीवर पेपरचं कात्रण फ्रेम करून लावलेलं. माझा फोटो, वाक्य, खाली ओमकार. "सर, तुमच्या शब्दावर उठला माझा पोरगा. याचा बाप गेल्यापासून याला कुणी असं उठवलं नव्हतं."

चहा आला. चहाबरोबर खारी. मी खारी बुडवून खात बसलो.

ओमकार भिंतीला टेकून बसलेला, खिडकीला टॉवेल लावलेला. उजेड सहन होत नाही. "सर, एकच मॅच. नंतर महिनाभर झोपून काढतो, आई शप्पथ. मुंबईवाले परत थोडीच येणारेत?"
नाही म्हटलं.
"तुम्ही तेव्हा उठ म्हणालात, मी उठलो. कायपण विचारलं नाय. आज तुम्हीच बसवताय."
आई माझ्याकडे बघत होती. अजून चहा घेता का म्हणाली. घेतला. नीलेश खेळेल, असं सांगून बाहेर पडलो. खरं सांगितलं असतं तर पोराला निदान राग तरी आला असता. मला त्या फ्रेमखाली बसून सांगवेना. भेकड.

२० नोव्हेंबर, गुरुवार
भाऊ दोनदा मैदानावर. माझ्याशी नाही, थेट ओमकारशी बोलले. ओमकारने किट बॅग आणली होती. ती मी माझ्या स्कूटरच्या डिकीत टाकून कुलूप लावलं. पोरांसमोर तमाशा. "सर बदलले," कुणीतरी म्हणालं. नीलेश सारखा ग्लोव्हज काढत-घालत होता. त्याला म्हटलं, हातात आला तर धर, नाही आला तर लाथ मार, बाकीचं विसर. हे मी खरंच म्हटलं.

२३ नोव्हेंबर, रविवार
फायनल, उल्हासनगरला. जिंकलो. १-०.

नीलेशने तीन बॉल पायांनी काढले, एक छातीवर घेतला, एकदा भलत्याच बाजूला उडी मारून वाचला. देखणं काही नव्हतं. पब्लिक पहिला अर्धा तास ओमकारच्या नावाने ओरडत होतं, मग थकलं. ओमकार टोपी डोळ्यांवर ओढून बेंचच्या टोकाला. गोल झाला तेव्हा टाळ्या वाजवल्या त्याने. मुंबईचे लोक आले होते. हाफटाइमला निघून गेले.

प.प. तिथल्याच हॉलमध्ये. दाल पकवान, लस्सी, मोठा फ्लेक्स, शाली. भाऊ बोलले, भाऊंच्या शेजारचे बोलले, त्यांच्या शेजारचेही बोलले. मग राऊत, "सर, स्टार कीपरला बाहेर ठेवलंत. मास्टरस्ट्रोक! डोक्यात काय होतं?"

ओमकार मागे दाराजवळ, हातात प्लेट. त्याला आधी एकट्याला गाठून सांगायला हवं होतं. त्या फ्रेमखाली जमलं नाही, इथे माइक पुढे आला आणि जमलं. हीपण घाणच. पण बोललो.

"मास्टरस्ट्रोक नाही. सेमीला तो पडला तेव्हा मी त्याला उठ म्हटलं नव्हतं. काहीच म्हटलं नव्हतं. त्यानेच मला विचारलं, कितवा हाफ चालूय. मला कळलं होतं त्याच्या डोक्याला लागलंय. बदली होती. मी त्याला तसाच ठेवला, कारण मला जिंकायचं होतं. ते वाक्य मी इथे बसून, तुमच्यासमोर बनवलं."

कुणी लिहीत नव्हतं. हॉलमध्ये पकवान मोडल्याचा आवाज. मग भाऊ हसले, माझ्या खांद्यावर हात टाकला. "सर भावुक झालेत. एवढा मोठा विजय आहे, होतं माणसाचं." टाळ्या! याच्यावर पण टाळ्या.

राऊतने मोबाइल खाली घेतला, जवळ आला, हळूच म्हणाला, "सर, हे कट करतो मी. तुम्ही विजयाबद्दल दोन शब्द द्या ना." त्याला वाटलं तो माझ्यावर उपकार करतोय.

दाराकडे बघितलं. प्लेट खुर्चीवर ठेवलेली, ओमकार नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार
'कोचचा मास्टरस्ट्रोक.' फोटोत मी शाल पांघरून. बाकी एक अक्षर नाही. व्हिडिओतही नाही. खरं बोलायलासुद्धा भाऊंचा फ्लेक्सच मिळाला, आणि तो खरं गिळून बसला. पेपर ओट्यावर ठेवला, शैलाने त्यावर कोथिंबीर निवडली.

तिला सगळं सांगितलं. म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही कधी सांगताय बघत होते." मग निवडलेली कोथिंबीर उचलून आत गेली.

भाऊंच्या माणसाचा मेसेज: सरांनी काही दिवस विश्रांती घ्यावी. खाली हात जोडलेले. ओमकार फोन उचलत नाही. चारदा केला.

२६ नोव्हेंबर, बुधवार
दुपारी बेल. ओमकार. गॉगल लावून. शैला पाणी देऊन आत गेली.

बसला. माफ कर म्हटलं. त्याने मान हलवली, पण म्हणजे काय ते कळलं नाही. म्हणाला, आईने फ्रेम काढली नाही अजून, तिला सांगितलेलंच नाही. मुंबईवाल्यांचा फोन नाही. कंपनीत शिफ्ट बदलून मागितली, डे मिळाली.

मग, "सर, मी सांगत होतो ना सगळ्यांना. तुमचा आवाज ऐकला म्हणून. मला ऐकू येतो अजून. आत्तापण. मग तुम्ही बोललातच नाय, तर मी उठलो कसा?"

मला माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नाही. प.प.त अशा वेळी चार वाक्यं तयार असतात माझ्याकडे. इथे एकही नव्हतं. तो थांबला होता, मी काहीतरी बोलेन म्हणून.

शुक्रवारी स्कॅन आहे म्हणाला. मी येऊ का, विचारलं. चपला घालत होता, भिंतीला हात लावून.

"बघतो," म्हणाला.