येसूमावशींचा लॅपटॉप

कारेलीबाग, बडोदे
रविवार

प्रिय समरजित,

फोन उचलत नाहीस, पण पत्र उघडशील, म्हणून लिहिते आहे. पुण्याहून परतलास हे कळलं. तिथल्या तुझ्या भाषणाचा व्हिडिओ मी दोनदा पाहिला. त्याकडे येतेच.

आधी आपली ती परीक्षा आठव. नवं विंडोज ज्यांच्यावर चढत नाही, अशा जुन्या कंप्युटरांवर लोकांना फुकट लिनक्स घालून द्यायचं ठरलं होतं. पण लिनक्सचे प्रकार शंभर! नवख्या माणसाला कोणता द्यायचा, यावर आपण महिनाभर भांडलो. शेवटी युक्ती तूच काढलीस. दांडिया बाजारातल्या देवळाच्या हॉलमध्ये चार लॅपटॉप, चार प्रकार, आणि समोर तुला शाळेत मराठी शिकवलेल्या येसूमावशी. त्यांनी मराठीत पत्र लिहायचं, छापायचं, फोटो उघडायचा आणि मशीन बंद करायचं. आपण मात्र हात पाठीमागे धरून गप्प उभं राहायचं. त्यांतली एक ‘झेप’, जी बनवणाऱ्या टीममध्ये तू आहेस; तिच्यावर मावशी प्रिंटरपाशीच अडकल्या. ‘मिंट’ नावाच्या दुसऱ्या प्रकारावर त्यांनी सगळं उरकलं आणि ‘चालो, पती गयुं’, झालं एकदाचं, असं गुजरातीत म्हणत पर्स उचलली. ठरलं, सगळ्यांना मिंटच. म्हणजे कुणाचाही फोन आला तरी आपल्यातला कुणीही उत्तर देऊ शकेल. तू हसत हार मानलीस. मला तुझा अभिमान वाटला होता रे. किती मूर्ख मी!

ज्यांवरून मशीनमध्ये मिंट घालायचं, ते पेन ड्राइव्ह तयार करायचं काम तू मागून घेतलंस. अकरा वर्षांची मैत्री, त्यामुळे एकही ड्राइव्ह तपासून पाहावा असं माझ्या मनातही आलं नाही. एका दिवसात एकतीस मशीन झाली आणि प्रत्येकाच्या झाकणावर मी माझा नंबर चिकटवला. तीन आठवड्यांनी अपडेट आलं आणि माझा फोन थांबेना. सगळ्यांचं एकच, स्क्रीन काळी. मी प्रत्येकाला मिंटचे उपाय सांगत बसले, एकही लागू पडेना. अखेर आपल्या गटातल्या अनुजने एक लॅपटॉप घरी नेऊन तपासला. आत झेप होती, आणि वरून मिंटचं हिरवं चित्र, मिंटचाच मेनू.

घाईत चुकीचा ड्राइव्ह आला असता, तर मी दोन शिव्या देऊन विसरले असते. पण तू तिला मिंटचे कपडे घालून पाठवलीस. बसून, सावकाश, आम्हाला ओळखू येऊ नये म्हणून. आणि पुण्यात येसूमावशींचा हसरा फोटो दाखवून सांगितलंस, की बडोद्याच्या एका आजींनीसुद्धा झेप पसंत केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उघड भांडला असतास तर मी भांडले असते, कदाचित हरलेही असते. तू मला भांडायचीही संधी दिली नाहीस, हे फार लागलंय.

गटातले अनुज, प्रिया आणि मी घरोघर फिरून तीस मशीन दुरुस्त केली. एकतिसावं येसूमावशींचं. त्यावर त्यांनी क्रोशाचा रुमाल घालून ठेवलाय, आणि कुणाला हात लावू देत नाहीत.

याचं कारण मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. पहिला फोन त्यांचाच आला होता. मी स्कूटर काढत होते. मावशी, तुमच्याकडूनच काहीतरी भलतं दाबलं गेलं असेल, असं मी म्हणून टाकलं. माझीच माफी मागून त्यांनी फोन ठेवला. खरं कळल्यावर मी धावत गेले, सगळं सांगितलं. त्यांना वाटतं, बरं वाटावं म्हणून मी बोलते. समरजितने करून दिलेलं बिघडेलच कसं, असं त्या मलाच विचारतात. आपलं वय झालं, आता या भानगडीत पडायला नको, म्हणतात. दर आठवड्याला बहिणीला पत्र टाइप करायच्या, तेही बंद केलंय.

मला तुझी माफी नको आहे. मिळाली तरी तिचं काय करू, मला माहीत नाही. मंगळवारी संध्याकाळी मावशी घरी असतात. तू जा. तो रुमाल तू उचल, आणि त्यांच्या हातून काहीही चुकीचं दाबलं गेलं नव्हतं, हे तुझ्या तोंडाने सांग. माझं त्या ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील. सोबत मिंटचा पेन ड्राइव्ह ठेवला आहे. हा मी तपासून पाहिलाय.

एके काळची तुझीच,
मालविका