कोशिंबीर डावीकडे

मनुरेवा, ऑकलंड
रविवार, १७ डिसेंबर २००६

तीर्थरूप नानांना,

मधूचा शिरसाष्टांग नमस्कार. सौ. विभावरीचा आणि चि. नीलचाही. (विभावरी हॉस्पिटलात ड्यूटीवर आहे आणि नील खोलीचं दार लावून बसला आहे, तेव्हा तिघांच्या वतीने मी एकटाच वाकलो आहे असं समजावं.)

तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता का, की बाटली नुसती खिडकीत ठेवून तिच्याकडे बघता? डब्याच्या लीलाबाई वेळेवर येतात ना? आमटीत गूळ घालत नाहीत अशी तुमची तक्रार होती, ती त्यांच्या कानावर घातलीत का, की अजून मलाच सांगताय? इथे आम्ही खुशाल आहोत. म्हणजे प्रकृतीने. फोन सोडून पत्र का लिहितोय याचं तुम्हाला आश्चर्य वाटेल. कारण असं की फोनवर तुम्ही पहिल्या वाक्यालाच ‘चूक कुणाची?’ असं विचारता. चाळीस वर्षं मुख्याध्यापकी केलेल्या माणसाला ते शोभतं, पण या खेपेस मला पहिल्या वाक्यात उत्तर द्यायचं नाही. पत्रात निदान दोन-तीन पानांची सवड मिळते.

तर विषय नीलच्या फुटबॉलचा. हा आपला फुटबॉल नव्हे. हा अमेरिकन. इथे त्याला ग्रिडआयर्न म्हणतात. यात चेंडू अंड्याच्या आकाराचा असतो, तो हातात धरतात, आणि पायाचा संबंध पळण्यापुरता आणि अगदीच निभेना झालं की चेंडू लाथाडण्यापुरता. अख्खा देश रग्बी खेळत असताना आमच्या चिरंजिवांनी हा खेळ का निवडला, हे विचारू नका. रग्बीला तो किडकिडीत पडला आणि क्रिकेटला नको म्हणाला. (त्या दिवशी मी जेवलो नव्हतो, हे विभावरीने तुम्हाला कळवलंच होतं.) त्याच्या क्लबचं नाव मनुरेवा टुईज. टुई हा इथला पक्षी, तो गातो छान. आमच्या क्लबला तेवढंही येत नाही. सामन्याला प्रेक्षक असतात अकरा, त्यातले तीन कुत्रे. नील या संघाचा क्वार्टरबॅक आहे. क्वार्टरबॅक म्हणजे घरातली थोरली सून. आधी सगळं तिच्या हातात येणार, कुणाला काय द्यायचं ते तिने क्षणात ठरवायचं, आणि बिघडलं की नाव तिचंच.

आणि बिघडत होतं, नाना. पहिल्या पाच सामन्यांत पाच हार. एकदा अठ्ठेचाळीस-शून्य. याला कारण कोच, हे मी आत्ताच स्वच्छ लिहून ठेवतो. डॅरिल त्याचं नाव. पेशाने छपरं दुरुस्त करतो, आणि हा खेळ तो कॅलिफोर्नियातल्या चुलतभावाने पाठवलेल्या दोन व्हिडिओ कॅसेटवरून शिकला. त्यातली दुसरी अर्धवट आहे. त्यामुळे आमच्या मुलांना बचाव येतो तो पूर्वार्धापुरता. काहीही झालं तरी त्याचं उत्तर एकच, ‘शी’ल बी राइट, मेट,’ म्हणजे होईल सगळं ठीक. एका पोराचं बोट सुजलं, शी’ल बी राइट. चेंडू शेजारच्या आवारात गेला आणि तिथल्या कुत्र्याने फोडला, शी’ल बी राइट. खेळाडूंना खुणा करायची त्याची पद्धत अशी की क्वार्टरबॅकने आयत्या वेळी एक आकडा ओरडायचा. सम आकडा म्हणजे सगळ्यांनी उजवीकडे, विषम म्हणजे डावीकडे, आणि वारा समोरून असला तर उलट. मनुरेव्यात वारा कुठून आहे हे वाऱ्यालाही माहीत नसतं.

आता नीलचं घाईत डावं-उजवं उलटं होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. (हे आपल्या घराण्यातलंच. मीही ड्रायव्हिंगची परीक्षा तिसऱ्या खेपेस पास झालो.) समोरून शंभर-शंभर किलोची पोरं अंगावर येताहेत, कोच बाहेरून वाऱ्याची दिशा सांगतोय, आणि हा ‘सतरा!’ ओरडून चेंडू उजवीकडे फेकतोय, जिथे आपला कुणीच नाही. घरी येताना गाडीत तो खिडकीबाहेर बघत बसायचा. मी काही विचारलं की ‘फाइन’. खायला काय हवं, ‘एनिथिंग’. पाच वर्षं झाली नाना, मी मराठीत विचारतो आणि तो इंग्रजीत एका शब्दात उत्तर देतो. आईशी फोनवरही तसंच. ‘हाय आजी, गुड, गुड’, आणि फोन माझ्या हातात. आई मला म्हणायची, अरे राहू दे, बोलत नाही पण त्याचा श्वास ऐकू येतो मला. गेल्या वर्षी आई गेली तेव्हा मी एकटाच आलो. परत आल्यावर त्याने काही विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही.

ऑक्टोबरअखेर एका रविवारी मी ताटं घेत होतो आणि घाईत त्याच्या पानात चटणी उजवीकडे वाढली. त्याने चमच्याने ती उचलून डावीकडे ठेवली. मग मला त्याची मुंज आठवली. आठ वर्षांचा होता. आईने त्याच्या हातात मिठाचं भांडं देऊन पंगतीत फिरवलं होतं, आणि मग चटणी, मग कोशिंबीर. डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, उसळ, आमटी, मधे भात, असं ती त्याच्या मागून चालत सांगत होती. साठ पानं वाढली आणि एकदाही चुकला नाही. ज्या पोराला ‘लेफ्ट’ म्हटलं की विचार करावा लागतो, त्याला कोशिंबिरीची बाजू झोपेतही कळते.

मी त्याला म्हटलं, आकडे सोड, पदार्थ ओरड. चटणी, लोणचं, कोशिंबीर म्हणजे डावीकडे. भाजी, उसळ, आमटी म्हणजे उजवीकडे. भात म्हणजे सरळ मधून घुसायचं. आणि ताक म्हणजे लांब लाथाडून मोकळं व्हायचं, जेवण संपलं. त्याने ते एकदा मनाशी म्हणून पाहिलं. मग हसला. (तारीख लिहून ठेवली आहे, २९ ऑक्टोबर.) डॅरिलला विचारलं, तो म्हणाला, शी’ल बी राइट.

आणि नाना, काय सांगू! आठवडाभर टोंगन, सामोअन, माओरी पोरं आमच्या अंगणात बसून पानात काय कुठे वाढतात ते पाठ करत होती. सिओने नावाचा एक दांडगा मुलगा आहे, नीलचा जिवलग. तो ‘कोशिंबिया’ म्हणतो. विभावरीने त्यांना खरोखरच पान वाढून दाखवलं, तर त्यांनी चार वेळा वाढून घेतलं आणि आमचा दहा दिवसांचा तांदूळ संपला. पुढच्या शनिवारी नीलने मैदानाच्या मधोमध उभं राहून, बाप गेला खड्ड्यात अशा आवाजात, ‘लोणचं!’ अशी आरोळी ठोकली आणि अकराच्या अकरा पोरं डावीकडे धावली. मी गाडीच्या मागे जाऊन रडलो. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी मला पाणी दिलं. त्यांना वाटलं, ऊन लागलं. (इथे नोव्हेंबरात ऊन लागतं.) तो सामना जिंकलो. पुढचाही. घरी येताना गाडीत तो मला विचारत होता, आजी पापड कुठे ठेवायची? इंग्रजीतच, पण आजीबद्दल. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

मग काल हॅमिल्टनला सामना झाला. दीड तास गाडी चालवत गेलो. मध्यंतरापर्यंत आम्ही चौदा-सहाने पुढे होतो. हॅमिल्टनच्या संघात अक्षत म्हणून एक आपला मुलगा आहे, वडील तिथे हॉस्पिटलात डॉक्टर. त्याची आजी सरलाबाई सहा महिन्यांसाठी पुण्याहून आल्यात, त्या सीमारेषेपाशी घडीच्या खुर्चीवर स्वेटर घालून बसल्या होत्या. मध्यंतरात मी त्यांच्याशी दोन शब्द बोललो. फार सोज्वळ बाई. पातळ पोह्यांचा चिवडा उत्तम, खोबऱ्याचे काप अगदी पातळ. असो. मध्यंतरानंतर काय झालं देव जाणे, नीलने ‘उसळ’ म्हणायचा अवकाश, हॅमिल्टनची सगळी फळी उजवीकडे तयार उभी. ‘चटणी’ म्हटलं की डावीकडे. ‘भात’ म्हटल्यावर तर बिचाऱ्या सिओनेच्या अंगावर चौघे बसले. या वेळी कोणताही शहाणा कोच खुणा बदलतो. डॅरिल सॉसेज खात होता. चौदा-चाळीस हरलो. शेवटी नील नुसता ‘ताक, ताक’ करत होता.

सामन्यानंतर डॅरिलने सगळ्यांना गोळा केलं आणि विचारलं, हे बाहेर कुणी सांगितलं? सगळ्यांनी नीलकडे पाहिलं. आमच्यात भारतीय तो एकटा, त्यांच्यात अक्षत एकटा, हिशेब सोपा होता. नीलने एकदा मान वर करून गाडीकडे पाहिलं, मग बुटांकडे, आणि म्हणाला, ‘माय बॅड, कोच. आय टोल्ड हिम.’ डॅरिलने त्याला उरलेल्या दोन सामन्यांतून काढलं. सिओनेने आमच्या गाडीतून आपली बॅग काढून दुसऱ्याच्या गाडीत ठेवली. येताना दीड तास नील एक अक्षर बोलला नाही, ‘फाइन’सुद्धा नाही. तो अक्षतशी आयुष्यात कधी बोललेला नाही, हे मला माहीत आहे. मग त्याने असं का म्हणावं, कळत नाही. एकंदरीत कोच नालायक आहे, एवढंच तुमच्या कानावर घालायचं होतं.

गुडघ्याला जपा. पंप लावायला विहिरीपाशी स्वतः जाऊ नका. आईच्या तसबिरीला माझा नमस्कार सांगा.

तुमचा,
मधू

ता. क. सरलाबाईंशी दोन शब्द बोललो असं वर लिहिलंय, ते जरा कमी आहेत. पंधरा मिनिटं बोललो. नाना, इतक्या लांब, मैदानाच्या कडेला कुंकू लावलेली बाई दिसली आणि तिने ‘बसा ना, चिवडा घ्या’ म्हटलं, की माणसाचं काय होतं ते कऱ्हाडला बसून कळायचं नाही. त्यांनी विचारलं, तुमचा मुलगा लोणचं-लोणचं का ओरडतो हो? मी सगळं सांगितलं. डावीकडचं, उजवीकडचं, भात, ताक. आईचं मिठाचं भांडंसुद्धा. त्यांना फार कौतुक वाटलं. त्यांनी ते कौतुकानेच नातवाला सांगितलं असणार, त्यांचा काही दोष नाही. डॅरिलचाही नाही. सॉसेज त्याने सगळ्यांना वाटली होती, मलाही दिलं.

ता. क. दुसरा. नीलने मान वर करून गाडीकडे पाहिलं, तेव्हा गाडीपाशी मी उभा होतो. हातात सरलाबाईंनी बांधून दिलेली चिवड्याची पुडी होती. त्याने ती पाहिली. मग त्याने बुटांकडे पाहिलं आणि चूक स्वतःवर घेतली, आणि मी तिथे बापासारखा बाप उभा राहून ती घेऊ दिली. पत्र लिहायचं खरं कारण हे. तुम्ही त्याला फोन करावा आणि सांगावं की चूक बाबाची होती आणि बाबाला वाईट वाटलंय. तुमचं तो ऐकेल. हे पत्र पोचायला बारा दिवस लागतात आणि तोवर दोन्ही सामने होऊन गेलेले असतील, हे पत्र लिहायला घेतलं तेव्हाच मला माहीत होतं.

ता. क. तिसरा, सोमवार. वरची विनंती रद्द समजावी. उद्या सहाला प्रॅक्टिस आहे. मी स्वतः जाऊन पोरांसमोर आणि डॅरिलसमोर सांगणार आहे. पाकीट अजून चिकटवलं नव्हतं म्हणून हे लिहितोय. विभावरीची आज पुन्हा ड्यूटी, तेव्हा आम्ही दोघंच होतो. ताटं नीलने घेतली. आधी मीठ, मग लिंबू, मग भाजी, सगळं जिथल्या तिथे. फक्त माझ्या पानात कोशिंबीर उजवीकडे. मी ती चमच्याने उचलायला लागलो. तेव्हा तो म्हणाला, ‘बाबा, ते माझं आणि आजीचं होतं. तू कशाला सांगितलंस?’

मराठीत म्हणाला, नाना. पाच वर्षं मी त्याच्या तोंडून एक पूर्ण वाक्य ऐकायला थांबलो होतो, आली ती एकदम दोन. शब्द न् शब्द बरोबर. तुमच्याकडे पेपर आला असता तर पैकीच्या पैकी द्यावे लागले असते. मी कोशिंबीर होती तिथेच ठेवली आणि जेवलो.